पलूसचा बाद ठरवलेला कॉम्प्युटर

माझ्या लहानपणी माधवनगरला आमचं घर म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढं पडवी. वडील यंत्रमागावर कामाला. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. माग दुसऱ्याचे, शेड दुसऱ्याची, घाम तेवढा अण्णांचा. आई घरी कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळून द्यायची. भाकरीच्या पिठात तंतू, घागरीतल्या पाण्यावर तंतू, सकाळी उठलं की पापण्यांवर तंतू. उन्हाळ्यात शेडचा पत्रा तापायचा आणि अण्णा तिथून सुटून घरी यायचे तर घराचाही पत्रा तापलेला. आले की शर्ट काढून मोरीत पिळायचे आणि दोरीवर टाकायचे. सकाळी तोच अंगात घालायचे, कारण कामाचा दुसरा नव्हता.

शाळा सुटली की मी त्यांना भाकरी द्यायला शेडवर जायची. एक दिवस गेले तर मालकांच्या ऑफिसला नवी काच बसवलेली. आत एक कॉम्प्युटर आणि त्याच्या डोक्यावर भिंतीत एसी. दाराशी पाटी, चपला बाहेर काढाव्यात. काचेला नाक लावलं तर नाक गार पडलं. पाठीमागं पन्नास पावलांवर अण्णा उघड्या अंगानं मागासमोर उभे होते.

मी विचारलं, "अण्णा, त्याला गार खोली कशाला?"

अण्णा म्हणाले, "त्यो तापला की बंद पडतो. आमी तापलो तर बंद पडत न्हाई, म्हणून."

ते हसत म्हणाले होते. मला हसू आलं नाही. कॉम्प्युटरबद्दल मी शिकलेली पहिली गोष्ट ही, आणि पुढं आयुष्यभर त्याच गोष्टीवर पोट भरलं.

मी आमच्या खानदानातली पहिली पदवीधर. बी.एस्सी. कॉम्प्युटर. हे मी मिरवते आणि मिरवणार. ज्यांच्या घरात तीन पिढ्या शिकलेल्या आहेत त्यांनी साधं राहावं, त्यांना परवडतं. मी सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान काढलं त्याला वीसच्या वर वर्षं झाली. अजूनही महिन्यातून एकदा तरी कोणीतरी दारात उभं राहून माझ्या डोक्यावरून आत बघतं आणि म्हणतं, "साहेब न्हाईत काय?" मी म्हणते, "आहेत. बोला." मग तो माणूस आणखी थोडा वेळ आत बघत राहतो.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, कामातले अनुभव लिहा, गमतीजमती येऊ द्या. गमती आहेत. पण खरं सांगायचं तर मला या धंद्यानं हसवलं त्यापेक्षा चिडवलं जास्त. आणि सगळ्यात जास्त चिडवलं ते तापणाऱ्या प्रोसेसरनं. म्हणजे त्यानं नाही. तो बिचारा सांगून तापतो. त्याच्याभोवतीच्या माणसांनी.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी आधी सांगते. प्रोसेसर म्हणजे मोठ्या पोस्टाच्या तिकिटाएवढी चकती. कॉम्प्युटरचं सगळं डोकं तिच्यात. डोकं चाललं की ती तापते. म्हणून तिच्यावर पातळ पात्यांचा एक धातूचा ठोकळा बसवतात आणि ठोकळ्यावर पंखा. ठोकळा उष्णता ओढून घेतो, पंखा ती उडवून लावतो. दोन्ही जोडूनच विकत मिळतात आणि त्या जोडीला सगळे नुसतं पंखाच म्हणतात. चकती आणि ठोकळा डोळ्याला गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यावर बारीक खाचा असतात. त्या खाचांत हवा अडकली की उष्णता वर चढत नाही, म्हणून मध्ये राखाडी मलम लावतात. त्याला पेस्ट म्हणतात. बस, एवढंच. चकती, मलम, ठोकळा, पंखा, आणि हवेला यायला-जायला वाट.

यातलं एक जरी बिघडलं तरी प्रोसेसर तापत जातो. शंभर अंशांच्या आसपास पोचला की आधी तो स्वतःच हळू चालायला लागतो. तेवढ्यानं भागलं नाही तर मशीन बंद करून टाकतो. हा बिघाड नव्हे. तो जीव वाचवतोय. पण लोक याला 'जळाला' म्हणतात. दुकानदारही म्हणतात, आणि त्यांना तर माहीत असतं. माझ्या रागाची सुरुवात इथून आहे.

आमच्याकडं तापण्याची कारणंही आमच्या गावची असतात. सांगलीत हळदीच्या पेढीवरचा कॉम्प्युटर उघडला की पंख्याखाली पिवळी गादी बसलेली असते. एका पेढीचे मालक, पाटील काका, मला म्हणाले, "हळद औषधी असते हो, त्यानं काय होतंय?" म्हटलं, "काका, तुम्ही नाकात बोळे घालून झोपा, मग सांगा काय होतंय." ते रागावले नाहीत, उलट चहा सांगितला. पुढच्या वर्षी पुन्हा पिवळी गादी.

साताऱ्याला एक निवृत्त मास्तर होते. हौशी माणूस. एकेक भाग मागवून त्यांनी स्वतः घरी कॉम्प्युटर जोडला. सगळं नेटकं, पण तापायचा. मी ठोकळा उचलला तर खाली मलमाचा लोळ. चकतीच्या चारी बाजूंनी ओघळलेला.

"मास्तर, हे किती लावलंय?"

"सगळी नळी," ते म्हणाले. "आता लावायचंच म्हटल्यावर हात कशाला आखडायचा? पाहुण्याला भाकरीवर लोणी घालताना आपण मोजतो का?"

वाटाण्याएवढं पुरतं हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते कंजूषपणाचं वाटलं. असो. मास्तरांवर माझा राग नाही. स्वतःच्या हातानं उघडून बघणाऱ्या माणसावर मी कधी रागावत नाही. राग आहे तो न उघडता निकाल देणाऱ्यांवर. त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

गेल्या वर्षी दसरा होऊन आठवडा झाला होता. दुकानात एक गृहस्थ आले. ताठ पाठ, कातरलेल्या मिशा, पायात काळे बूट. पलूसचे. सैन्यातून हवालदार होऊन निवृत्त झालेले. घरी त्यांना सगळे तात्या म्हणतात, आपण इथंही तात्याच म्हणू.

"साहेब..."

"मीच."

त्यांनी एक क्षण मला बघितलं आणि खुर्ची ओढली. "मग तर लयच ब्येस. मॅडम, एक काम हाय. तुमी पलूसला यायचं आन एका कॉम्प्युटरला बाद करायचं."

"दुरुस्त करायचं?"

"न्हाई, न्हाई. बाद हाय असं सांगायचं. माझ्या पुतणीला. ती माझं ऐकत न्हाई. तुमी बाईमाणूस, शिकलेल्या. तुमचं ऐकंल."

मी सगळं ऐकून घेतलं. पुतणीचं नाव ऋतुजा. सिव्हिलचा डिप्लोमा झालेली. तिचे वडील, म्हणजे तात्यांचे धाकटे भाऊ, अजून सैन्यात, लांब सरहद्दीवर. घरचा कारभार तात्यांच्या हातात. मुलीनं वडिलांकडं हट्ट धरला, त्यांनी मान्य केला, आणि तिनं एकेक भाग मागवून कॉम्प्युटर स्वतःच्या हातानं जोडला. घर बांधायच्या आधी ते कसं दिसेल याची हुबेहूब चित्रं ती त्यावर करते. सांगलीतल्या एका इंजिनिअरांच्या ऑफिसनं तिला परीक्षेसाठी एका बंगल्याचं काम दिलं होतं. शनिवारपर्यंत चित्रं दिली आणि पसंत पडली, तर पुढचं काम कायम तिला, तेही घरी बसून. असली चित्रं काढताना प्रोसेसर पूर्ण ताकदीनं तासन् तास चालतो. आणि तिचा कॉम्प्युटर दसऱ्यापासून पाच मिनिटांत बंद पडत होता.

"दुकानात दाखवला?"

"दाखवला की. मी सोता गाडीत घालून शहरात न्हेला. दुकानवाला म्हणला, घरात जोडल्याला माल असाच असतो. त्यानं नवा झगमगीत पंखा बसवला. तरी बंद पडतोय. त्यो म्हणला, आता प्रोसेसरच गेला. मूळ बांधणीच चुकली." तात्यांनी हात झटकले. "आता माझा पोरगा हाय पुण्याला शिकायला. त्याला देतो, त्यो करंल काय करायचं ते. आन हिला पतसंस्थेत चिकटवतो. माझ्या शब्दावर घेत्यात."

"मुलीनं उघडून बघितला का?"

"हात लावू दिला न्हाई. जोडतानाच चुकलीया, आता उघडून आणखी वाट लावंल."

मी म्हटलं, येते. त्यांना वाटलं मी बाद करायला येते. मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर त्यांनी मला नेलं नसतं.

त्यांच्याच गाडीतून निघालो. बसले तर खालून चर्र आवाज आला. सीटवर कंपनीचं प्लास्टिक तसंच. वळण आलं की मी त्याच्यावरून घसरत होते.

"गाडी नवी घेतली?"

"तीन वर्सं झाली," तात्या अभिमानानं म्हणाले. "सीट बगा, अजून कोरी हाय."

कोरी होतीच. तीन वर्षं तिच्यावर कोणी बसलंच नव्हतं, सगळे प्लास्टिकवर बसले होते.

रस्त्यात ते मला समजावत राहिले. पोरगी हुशार आहे, पण हट्टी आहे. यंत्राचं काम म्हणजे गड्यांचं काम. मी विचारलं, "मी काय काम करते तात्या?" ते म्हणाले, "तुमचं येगळं." माझं वेगळं कसं, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. ज्या बाईला काम येतं तिचं वेगळं असतं, आणि जिला अजून करू दिलेलं नाही तिला येत नाही असं धरून चालायचं. मला कॉलेजात घातलं तेव्हा अण्णांनाही शेडवरचे लोक हेच ऐकवायचे. पोरगी शिकून मागाला सूत चढवणार व्हय? अण्णा उत्तर द्यायचे नाहीत. फी भरायचे.

पलूसला पोचलो. मोठं घर, पुढं अंगण, कडेनं ऊस. ऋतुजाची आई, सुमनवहिनी, पाणी घेऊन आल्या. ऋतुजा दाराच्या चौकटीला टेकून उभी. तिनं मला नमस्कार केला, पण तोंड असं की मी तिच्या घरातलं कोणी न्यायला आले आहे.

कॉम्प्युटर कुठं दिसेना. तात्यांनी टेबलाखालचं लाकडी कपाट उघडलं. आत मशीन, आणि मशीनच्या अंगावर फुलाफुलांचं शिवलेलं कापड. मिक्सरला असतं तसं, फ्रीजला असतं तसं.

"हे झबलं कुणी घातलं?"

"मी शिवलं," वहिनी हळूच म्हणाल्या. "म्हागाची वस्तू. धूळ बसू ने म्हणून. दसऱ्यापतूर बाहीरच हुता. बिगडाय लागला म्हणून आत ठेवला."

आजारी माणसाला गोधडीत गुंडाळून पेटीत कोंडावं तसं झालं होतं. पण हे दसऱ्यानंतरचं. म्हणजे मूळ कारण दुसरं. मी मशीन टेबलावर काढून घेतलं, चालू केलं आणि तापमान दाखवणारा पडदा उघडला. अजून काही काम सुरूच केलं नव्हतं, तरी आकडा साठ, पंचाहत्तर, नव्वद असा उड्या मारत वर गेला. पाण्याचा हंडा असा तापत नाही. कोरा तवा असा तापतो.

मी पत्र्याचं झाकण काढलं. नवा पंखा निळ्या दिव्यात झगमगत फिरत होता. मी बोट पुढं करून त्याच्याखालच्या ठोकळ्याला लावलं. गार. खाली प्रोसेसर नव्वदीच्या पुढं आणि त्याला चिकटलेला ठोकळा गार.

मला तिथंच कळलं. आणि असा संताप आला की मी हात मागं घेऊन पदराला पुसत बसले. एवढंसं बोट. शहरातल्या त्या दुकानात एवढंसं बोट कुणी लावलं नव्हतं.

"ऋतुजा, इकडं ये. बोट लाव."

तिनं तात्यांकडं बघितलं.

"त्यांच्याकडं नको बघू. मशीन तुझं आहे. बोट लाव."

तिनं लावलं. भुवया वर गेल्या. पडद्यावरचा आकडा बघितला, पुन्हा बोट लावलं.

"गार हाय," ती म्हणाली. "ताई, उष्णता वर येतच न्हाई. मधी कायतरी हाय."

"काय असेल?"

"नव्या पंख्याला खालनं कागद असतोय. पातळ, प्लास्टिकचा. त्यो काढूनच बसवाय पायजे. माझ्या पंख्याला कागद नव्हता, त्याला पेस्ट लावूनच आलीती." ती एका दमात बोलली, दसऱ्यापासून कोंडून ठेवल्यासारखं.

मशीन बंद झालं होतं, आपोआप. तात्या लगेच म्हणाले, "बगा. हेच मी म्हणत हुतो. आता मॅडम, तुमीच सांगा तिला."

"सांगते," मी म्हटलं. "ऋतुजा, प्लग काढ, स्क्रू ड्रायव्हर घे आणि पंखा उतरव."

"आवं, तिला कशाला? तुमी करा की. तुमाला आणलंय कशाला?"

"मला बाद करायला आणलंय. ते मी नंतर करते."

मी खुर्ची मागं ओढून दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. खरंच बसले, कारण माझे हात शिवशिवत होते. तिनं मशीन निवेपर्यंत वाट बघितली, ठोकळा हातानं चाचपला, मग समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे सैल केले. एका बाजूचे आधी पूर्ण काढले असते तर चकतीवर वाकडा दाब आला असता. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, तिनं वाचलेलं होतं. ठोकळा अलगद उचलून तिनं उलटा धरला.

खाली पारदर्शक कागद. त्यावर इंग्रजीत लाल अक्षरं: लावण्याआधी काढा. मलम त्या कागदाच्या अंगावर फासलेलं.

मी तात्यांना म्हटलं, "हे तुमच्या शहरातल्या साहेबांचं काम. या कागदामुळं प्रोसेसर तापत होता. प्रोसेसर गेलेला नाही, आणि बांधणी चुकलेली नाही."

तात्यांनी कागदाकडं बघितलं. मग खिडकीकडं. मग मिशीवरून हात फिरवला.

"त्यो कागद," ते म्हणाले, "त्यो काढत हुता. मीच म्हणलो, ऱ्हाऊ दे. नवी वस्तू हाय, कशाला फाडतोस."

सुमनवहिनींनी तोंडाला पदर लावला. हसू आलं की काय, मला कळलं नाही. टीव्हीचा रिमोट त्यांच्यामागं फळीवर होता, पिशवीत गुंडाळलेला.

मला तात्यांचा राग येत होता, पण या कागदासाठी नाही. नव्या वस्तूचा कागद न काढणारी आमची सगळी माणसं अशीच. एकेक वस्तू इतक्या वर्षांनी घरात येते की तिला उघडी करायला जीव होत नाही. राग त्या दुकानदाराचा. मी नंतर फोन लावून त्याला विचारलं. तो म्हणाला, "गिऱ्हाइकच म्हणलं राहू दे, मी काय करू?" मी म्हटलं, गिऱ्हाइकाला कळत नाही म्हणून तर ते तुझ्या दारात आलं. तुला कळत होतं. तुला कळत असून तू कागदावर मलम लावलंस, आणि पुन्हा आल्यावर वर तोंड करून सांगितलंस की पोरीनं बांधताना चूक केली. त्यानं फोन ठेवला.

पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी ऋतुजा अजून समाधानी नव्हती. ती म्हणाली, "ताई, हा कागद नंतरचा. पैल्यांदा तापला तवा माझा जुना पंखा हुता. त्यो का बंद पडला?"

हा प्रश्न मला फार आवडला. दोष दुसऱ्याचा निघाला की माणसं तिथंच थांबतात. ती थांबली नाही.

"तात्या, माझा जुना पंखा कुठाय?"

"पिशवीत हाय. आपला जुना माल दुकानात सोडून येतो व्हय मी?"

पिशवी कपाटावर होती, गाठ मारलेली. दुकानातून आणल्यापासून कुणी सोडली नव्हती. वहिनींनी ती खाली काढली, ऋतुजानं सोडली. पंख्याच्या मधल्या खुंटीभोवती केशरी दोरा गच्च गुंडाळलेला, त्यात झेंडूची एक वाळलेली पाकळी. बोटानं ढकललं तरी पंखा हलत नव्हता.

आमच्या भागात खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. नांगर, कोयता, मोटर, गाडी. त्या घरात गेल्या वर्षी कॉम्प्युटरचीही झाली. वहिनींनीच लेकीला झाकण उघडायला लावलं होतं, कारण खरं यंत्र आत आहे, बाहेर नुसतं खोकं. हळदकुंकू वाहिलं आणि छोटी माळ पंख्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी ऋतुजा उठायच्या आत त्यांनी माळ ओढून काढली आणि झाकण लावलं. दोऱ्याचा तुकडा राहिला. पंखा सुरू झाला, त्यानं दोरा ओढून घेतला आणि आवळून बसला.

"माळंचा दोरा," वहिनी म्हणाल्या. "म्हंजी माझ्यामुळं झालं. मी आन इतके दिस हिलाच बोल लावला."

"आई, तुझ्यामुळं न्हाई," ऋतुजा म्हणाली. ती आईशी बोलत होती, पण बघत तात्यांकडं होती. "झाकण उघडू दिलं असतं तर तवाच चिमट्यानं निघाला असता. मी तीनदा म्हणलो, बघू द्या."

आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात, म्हणलो, गेलो. तात्या त्यावरून तिला एरवी बोलले असते. त्या दिवशी ते पुढं वाकून तो दोरा निरखत राहिले.

तिनं चिमट्यानं दोरा सोडवला. जुनं मलम पुसलं. मी माझ्या पिशवीतून मलमाची नळी दिली, तिनं वाटाण्याएवढं मलम मधोमध ठेवलं आणि झगमगीत पंखा बाजूला सारून स्वतःचाच साधा काळा पंखा बसवला. मी सगळा वेळ हात मांडीखाली घेऊन बसले होते. झाकण लागलं, वायर लागली, मशीन सुरू झालं. आकडा चाळीसवर आला आणि राहिला.

"आता बंगला लाव," मी म्हटलं.

तिनं चित्र करायला लावलं. आकडा चढत गेला. पन्नास. साठ. तात्या खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसले. बहात्तरला आकडा थांबला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. चहा झाला. मशीन चालूच. पडद्यावर बंगल्याचा जिना दिसायला लागला, मग जिन्यावरचं ऊन.

"तापायचं थांबलं न्हवं?" तात्या म्हणाले. "चालू झालं. मग झालं की. सोडा विषय."

इथं मी उठले. आवाज चढवला नाही, पण आत सगळं चढलेलं होतं. म्हटलं, "नाही झालं तात्या. तुम्ही भावाला काय कळवलंय?"

"काय म्हंजे... पोरीनं जोडताना चूक केली. पैसा वाया गेला. मशीन पुण्याला धाडतो."

"मग आता खरं काय ते कळवा. माझ्यासमोर. मी बाद करायला आले होते ना? ते 'चूक केली' बाद करायचं राहिलंय."

त्यांना राग आला. येणारच. घरातला मोठा माणूस, त्याला बाहेरची बाई घरात उभी राहून सांगते. ते म्हणाले, "मॅडम, तुमी लय बोलताय."

"बोलते. पुरतं शिकलेय म्हणून बोलते. या पोरीला निकाल लावायच्या आधी एक झाकण उघडायला मिळालं नाही. तुमच्या सैन्यात तरी असं करतात का? आरोप आहे तर आधी विचारतात ना?"

तात्यांनी फोन काढला. लागला. स्पीकरवर मुलीच्या वडिलांचा आवाज, मागं वारा.

"ऐक रं," तात्या म्हणाले. "कॉम्प्युटर चालू झाला. पोरीचं बांधकाम बराबर हुतं." तिकडून काहीतरी विचारलं. "दुकानात एक कागद ऱ्हायला हुता मधी. कुणी म्हंजे... मीच म्हणलो ऱ्हाऊ दे. तिनंच शोधून काढलं. मॅडम नुस्त्या बसून हुत्या." पुन्हा तिकडून काहीतरी. "व्हय. न्हाई धाडत पुण्याला. तिचा हाय, तिच्याकडंच ऱ्हाईल."

ऋतुजानं पडद्यावरून नजर काढली नाही. जिना संपून दाराचं काम चालू होतं. डोळे पुसायला तिनं माऊसवरचा हात काढला, एवढंच.

तात्यांनी मला परत सांगलीला सोडलं. मी दुकानापाशी उतरताना म्हणाले, "मॅडम, तुमच्या घरात कोण शिकल्यालं हुतं?"

"कोणी नाही. मीच पहिली."

"तरीच," ते म्हणाले. त्यांनी ते चांगल्या अर्थानं म्हटलं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तो कॉम्प्युटर आज पलूसला आहे. टेबलावर, कपाटाबाहेर, झबल्याशिवाय. ऋतुजानं बंगला शनिवारी दिला आणि तो पसंत पडला. त्या ऑफिसचं काम ती आज घरी बसून करते. कडेगाव, पलूसकडच्या कितीतरी घरांचे जिने आधी तिच्या पडद्यावर झाले आहेत. तात्यांचा मुलगा पुण्यात स्वतःचं बघतो. वहिनींनी मला सांगितलंय की यंदा खंडेनवमीला हळदकुंकू वाहायचं आणि फूल बाजूला ठेवायचं, यंत्रावर नाही. गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक तात्यांनी काढलेलं नाही.

माझ्या दुकानाच्या पाटीवर माझं नाव आहे आणि नावापुढं पदवी आहे. माधवनगरच्या घराला पत्रा जाऊन स्लॅब आला. आतल्या खोलीत मी एसी बसवला. त्या खोलीत कॉम्प्युटर नाही. तिथं अण्णा झोपतात.